ट्यूबवाला मॉनिटर की एलसीडी? गेमिंगसाठी दोन्ही शेजारी ठेवून कसं ठरवायचं

सीआरटी (म्हणजे ट्यूबवाला मॉनिटर) आणि एलसीडी यांची तुलना बहुतेक जण थांबलेल्या चित्रावर करतात. डेस्कटॉप उघडला, वॉलपेपर पाहिला, चार अक्षरं वाचली आणि निकाल दिला. त्या परीक्षेत एलसीडीच जिंकणार, कारण त्याचा प्रत्येक पिक्सेल आपल्या चौकटीत पक्का बसलेला असतो. पण गेम थांबलेला नसतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये मान झटक्यात वळवली की भिंतीवरची खूण, कोपऱ्यातून निघणारा माणूस, त्याच्या हातातली बंदूक हे सगळं चालत्या चित्रातच ओळखायचं असतं. म्हणून माझा आग्रह एवढाच, की दोन्ही मॉनिटर एकाच टेबलावर, एकाच कॉम्प्युटरला, एकाच गेमवर लावा आणि चित्र हलत असताना पाहा.

माझं नागपुरात महालात टीव्ही-मॉनिटर दुरुस्तीचं काउंटर आहे. त्याआधी नंदनवन भागात गेमिंग कॅफे चालवायचो, तेव्हा सगळे मॉनिटर सतरा इंची ट्यूबवाले होते. आजही दुकानात एक जुना ट्रिनिट्रॉन (सोनीच्या ट्यूबचा मॉनिटर) चालू असतो आणि त्याला चिकटून २४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २४० वेळा चित्र नव्यानं आणणारा एलसीडी. इंजिनिअरिंगची पोरं येतात आणि हटकून विचारतात, "काका, हा डब्बा अजून काऊन ठेवला जी?" मी उत्तर देत नाही, खुर्ची पुढे करतो आणि माऊस हातात देतो. दहा मिनिटांनी प्रश्न बदललेला असतो. असा कुठं मिळेल, हा तो नवा प्रश्न. त्याचं उत्तर लांबलचक आहे आणि ते नीट लिहून ठेवावं असं मला कधीपासून वाटत होतं.

आधी एक गोष्ट स्वच्छ करून घेऊ. बर्डीतल्या दुकानात 'एलईडी मॉनिटर' म्हणून जो मिळतो तो एलसीडीच असतो. फक्त मागचा उजेड एलईडीचा असतो, पूर्वी तो बारीक ट्यूबलाइटचा असायचा. या लेखात एलसीडी म्हटलं की हे सगळे आले.

फरक पडतो कुठं

ट्यूबमध्ये मागच्या गनमधून निघालेला इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या फॉस्फरवर डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली धावतो. ज्या ठिपक्यावर झोत पडला तो चमकतो आणि साधारण एका मिलिसेकंदात विझत जातो. म्हणजे प्रत्येक फ्रेम क्षणभर दिसते, बाकी वेळ तिथं अंधार असतो. पावसाळ्यात रात्री वीज चमकली की वर्धा रोडवरची धावती गाडी जागच्या जागी थिजल्यासारखी स्वच्छ दिसते ना, ट्यूबवरचं चित्र तसंच असतं, फक्त सेकंदाला ८५ किंवा १०० वेळा.

एलसीडी याच्या उलट वागतो. एक फ्रेम आली की पुढची येईपर्यंत तिला धरून ठेवतो. ६० हर्ट्झला हा काळ १६.७ मिलिसेकंद होतो. तेवढ्या वेळात आपला डोळा मात्र धावणाऱ्या माणसामागे सरकतच असतो. डोळा पुढे गेला आणि चित्र जागेवरच राहिलं, म्हणून डोळ्याच्या पडद्यावर फराटा उमटतो. हिशोब अगदी सोपा आहे. एखादी वस्तू सेकंदाला ९६० पिक्सेल या वेगानं जात असेल तर ६० हर्ट्झला १६ पिक्सेलचा फराटा, १४४ ला सुमारे ७ चा, २४० ला ४ चा, ३६० ला पावणेतीनच्या आसपास. चांगल्या ट्यूबवर तो पिक्सेलभराचाच असतो, मग रिफ्रेश म्हणजे हर्ट्झ ८५ का असेना.

खोक्यावर छापलेल्या '१ एमएस'मुळं (एक मिलिसेकंद) म्हणूनच हुरळून जाऊ नका. तो आकडा पिक्सेल एका राखाडी छटेतून दुसऱ्या छटेत किती लवकर जातो त्याचा आहे, आणि तोही सगळ्यात अनुकूल सेटिंगवर मोजलेला. पिक्सेल शून्य वेळात बदलला तरी ६० हर्ट्झचा १६ पिक्सेलचा फराटा जात नाही, कारण तो धरून ठेवण्यामुळं येतो. ओलेडवर, म्हणजे ज्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो त्या पडद्यावर, हे उघड दिसतं. त्याचे पिक्सेल एलसीडीपेक्षा कितीतरी चपळ, तरी ६० हर्ट्झला चालवला की चालतं चित्र धुरकटतंच. म्हणून तर त्यांचेही हर्ट्झ वाढवत नेले, आणि २०२४ मध्ये ४८० हर्ट्झचे ओलेड मॉनिटर बाजारात आले.

ट्यूबची एक अट मात्र पक्की लक्षात ठेवा. मॉनिटर जेवढ्या हर्ट्झवर, गेमचे एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बरोबर तेवढेच हवेत. मॉनिटर १२० वर आणि गेम ६० एफपीएसवर असेल तर प्रत्येक फ्रेम दोनदा चमकते आणि धावणाऱ्या माणसाच्या कडेला दुसरी कड दिसते, जोडचित्र. "ट्यूबवरही फराटा दिसतो काका," असं कुणी म्हटलं की मी आधी एफपीएसचा आकडा पाहतो.

तुमची ट्यूब किती पाण्यात आहे

ट्यूब मॉनिटरची कुवत इंचांवरून कळत नाही. ती कळते हॉरिझॉन्टल फ्रिक्वेन्सीवरून, म्हणजे झोत सेकंदाला किती आडव्या रेघा मारू शकतो त्यावरून. मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर शोधा, त्यावरून हा आकडा मिळतो. मग हिशोब असा: उभे पिक्सेल गुणिले हर्ट्झ, त्यात पाचेक टक्के वाढवायचे.

१६०० × १२०० ला ८५ हर्ट्झ हवे असतील तर सुमारे १०६ किलोहर्ट्झ लागतात. १०२४ × ७६८ ला ८५ साठी ६९ पुरतात. आपल्याकडे घरोघरी जे सतरा इंची मॉनिटर होते त्यातले पुष्कळसे ७० किलोहर्ट्झपर्यंतचेच. म्हणजे १०२४ × ७६८ ला ८५ हर्ट्झ काठावर बसतात आणि ८०० × ६०० ला १०० हर्ट्झ आरामात, कारण त्याला ६३ च लागतात. ८०० × ६०० म्हटलं की आजची पोरं नाक मुरडतात. पण एलसीडीवर कमी रिझोल्यूशन जसं पसरट आणि पुसट दिसतं तसं ट्यूबवर दिसत नाही. ट्यूबला स्वतःचं असं ठरलेलं रिझोल्यूशन नसतं, झोत जेवढ्या रेघा सांगाल तेवढ्या मारतो. क्वेक थ्री किंवा काउंटर-स्ट्राइक १.६ साधारण ट्यूबवर ८०० × ६०० ला १०० हर्ट्झवर लावून पाहा, मगच बोला.

खरे उंची, म्हणजे वरच्या दर्जाचे मॉनिटर वेगळ्याच जातीचे. सोनीचा जीडीएम-एफडब्ल्यू९०० हा त्यातला राजा: चोवीस इंची, १६:१० रुंद पडदा, प्रत्यक्ष दिसणारं चित्र साडेबावीस इंच, १२१ किलोहर्ट्झपर्यंत, २३०४ × १४४० ला ८० हर्ट्झ, आणि वजन ४२ किलोच्या आसपास. मित्सुबिशीचा डायमंड प्रो २०७०एसबी बावीस इंची आणि १४० किलोहर्ट्झपर्यंतचा, २०४८ × १५३६ ला ८६ हर्ट्झ देणारा. हे दोन्ही ज्या घराण्यातले त्याची सुरुवात सोनीनं १९६८ मध्ये ट्रिनिट्रॉननं केली. आत भोकांच्या जाळीऐवजी ताणलेल्या उभ्या तारा असतात. त्या तारा थरथरू नयेत म्हणून त्यांना आडवी बारीक तार बांधलेली असते, आणि पांढऱ्या पडद्यावर तिची केसासारखी सावली दिसते. छोट्या ट्यूबवर एक, मोठ्यावर दोन. "मॉनिटरला क्रॅक गेलाय" म्हणून लोक घाबरून घेऊन येतात. तो दोष नाही, उलट आत तारांची ट्यूब असल्याची ती खूण आहे.

जुना घेताना काय पाहायचं

नागपुरात उंची ट्यूब मॉनिटर मिळण्याची खरी जागा म्हणजे जुने डीटीपीवाले, छपाईची कामं करणारे, फोटो स्टुडिओ आणि आर्किटेक्टची ऑफिसं. कॉम्प्युटरच्या दुकानात शोधण्यात अर्थ नाही, आणि कबाड्याकडे किलोच्या भावानं जो येतो त्याची मान (ट्यूबचं मागचं निमुळतं काचेचं टोक) बहुतेक वेळा वाटेतच फुटलेली असते. कुणाच्या माळ्यावर असेल तर स्वतः जा, आणि चालू करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

पहिली परीक्षा थंड ट्यूबवर घ्यायची. विकणाऱ्याला आधीच सांगा, "मी येईपर्यंत चालू करू नका." म्हणजे काय लपवायचं ते लपवता येत नाही. चालू केल्या केल्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणा, नोटपॅडचा रंग उलटा केला तरी चालेल. आता अक्षराच्या उजव्या कडेकडे डोळे जवळ नेऊन पाहा. 'ल' किंवा 'इ'च्या उजवीकडे धुरासारखी शेपटी निघत असेल तर त्या रंगाचा कॅथोड (गनचं इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) थकलाय. शेपटी लाल असेल तर लाल गन, हिरवी असेल तर हिरवी. पाच-दहा मिनिटांत शेपटी विरली तर ट्यूब म्हातारी आहे पण चालेल. अर्ध्या तासानंतरही राहिली तर हात जोडा आणि निघा. ट्यूब बदलून मिळण्याचे दिवस केव्हाच गेले.

दुसरी परीक्षा अर्ध्या तासानं, खोलीत अंधार करून. पूर्ण काळा पडदा आणा. तो काळाच दिसला पाहिजे. राखाडी किंवा हिरवट उजळला असेल आणि त्यावर तिरप्या पांढऱ्या रेघा दिसत असतील तर आतलं जी-टू व्होल्टेज (गनमधल्या एका ग्रिडचा दाब) चढलेलं आहे. हा दोष ट्रिनिट्रॉनमध्ये वयानं येतोच, आणि तो दुरुस्त होतो. सोनीच्या पुष्कळ मॉडेलना विनडॅस नावाच्या सॉफ्टवेअरनं, खास केबल लावून, तो खाली आणता येतो. किंमत पाडून घ्यायला हा दोष उत्तम.

मग काळ्यावरून एकदम पांढऱ्या पडद्यावर जा. चित्राच्या कडा श्वास घेतल्यासारख्या आतबाहेर झाल्या तर हाय व्होल्टेजचा भाग दमलाय. मेन्यूतून डिगॉस करा, म्हणजे ट्यूबमध्ये साठलेलं चुंबकत्व घालवा: 'ठण्ण' असा दणका, चित्र थरथरतं आणि रंगाचे डाग निघून जातात. डाग राहिलेच तर जवळ स्पीकर ठेवलाय का ते आधी पाहा. कोपऱ्यातली अक्षरं मधल्याइतकी रेखीव आहेत का तेही बघा. आणि कान लावून ऐका. बारीक चटचट आवाज आणि तिखट वास येत असेल तर एलओटीमधून (हाय व्होल्टेज तयार करणारा ट्रान्सफॉर्मर) ठिणगी जातेय, तो मॉनिटर लगेच बंद करायचा.

झाकण उघडू नका. हे मी गिऱ्हाईक मिळावं म्हणून सांगत नाही. ट्यूबच्या डोक्यावरच्या रबरी टोपीखाली २५,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो बराच काळ राहू शकतो. ज्याला ट्यूब डिस्चार्ज करता येते त्यानंच आत हात घालावा.

उचलताना पडदा आपल्या छातीकडे, कारण सगळं वजन काचेत असतं. मोठ्याला दोन माणसं लावा. ऑटोतून आणायचा तर मागच्या सीटवर गादी किंवा जुनी रजई घालून पडदा खाली करून ठेवा. मागची मान कशालाही टेकता कामा नये, तिथं तडा गेला की हवा आत शिरली आणि मॉनिटर संपला. आणि कीबोर्डचा ट्रे असलेलं ते चाकांचं प्लायचं कॉम्प्युटर टेबल चाळीस किलोंना चालत नाही, हे घरी आणण्याआधीच पाहून ठेवा.

जोडायचं कसं

ट्यूबला अॅनालॉग सिग्नल लागतो आणि नव्या ग्राफिक्स कार्डांतून तो बंद झालाय. एनव्हिडियाची ९०० ची मालिका शेवटची, त्यातही जीटीएक्स ९८० टीआय हे सगळ्यात दमदार. २०१६ मध्ये १००० ची मालिका आली तेव्हापासून अॅनालॉग गेला. जुन्या कार्डाचं डीव्हीआय पोर्ट नीट पाहा: चपट्या पिनेच्या वर-खाली मिळून चार छोटी भोकं असतील तर त्यातून अॅनालॉग मिळतो आणि साधा बिनवायरीचा कन्व्हर्टर चालतो. भोकं नसतील तर तो कन्व्हर्टर विकत घेऊन उपयोग नाही. नुसते जुने गेम खेळायचे असतील तर व्हीजीए (अॅनालॉग) पोर्टचं जीटी ७१० कार्डही भागवून नेतं.

नव्या कार्डावर डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीएचा कन्व्हर्टर लावा. इथं परत हिशोब आला. स्वस्त कन्व्हर्टर बहुतेक १९२० × १०८० ला ६० हर्ट्झपर्यंतचेच असतात, म्हणजे १५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पिक्सेल क्लॉक (सेकंदाला किती पिक्सेल पाठवता येतात तो आकडा). १०२४ × ७६८ ला ८५ हर्ट्झसाठी ९४.५ लागतो, म्हणजे साध्या सतरा इंचीला स्वस्तातला पुरतो. १६०० × १२०० ला ८५ साठी २२९.५ लागतो, तिथं तो कोलमडतो. चांगला मॉनिटर घेऊन त्याला किरकोळ कन्व्हर्टर लावणं म्हणजे ट्यूबची अर्धी कुवत फुकट घालवणं.

जोडल्यावर पहिलं काम रिफ्रेश रेट पाहण्याचं. विंडोज स्वतःहून ६० वर ठेवते, आणि ६० हर्ट्झची ट्यूब डोळ्यात टोचते. "ट्यूबवाल्यानं डोकं दुखतं" ही जी घरोघरची आठवण आहे, तिच्यामागं पुष्कळदा हेच कारण होतं. कॅफेत प्रत्येक मशीन ८५ वर लावून ठेवल्यावर तक्रारी थांबल्या. विंडोज एक्सपीत तर डेस्कटॉप ८५ वर असला तरी गेम उघडला की तो परत ६० वर जायचा, म्हणून गेममध्येही तपासा. यादीत हवा तो आकडा नसेल तर कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी या सॉफ्टवेअरनं घालता येतो, पण मॉनिटरच्या मर्यादेबाहेर जाऊ नका. जुने मॉनिटर जास्तीच्या फ्रिक्वेन्सीनं जळायचे.

आता शेजारी ठेवून पाहा

दोन्ही मॉनिटर अर्धा तास तापू द्या. एलसीडीलाही हे लागू आहे. लिक्विड क्रिस्टल थंडीत मंद होतात. आपल्याकडे जानेवारीत सकाळी पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा व्हीए पॅनेलवर (एलसीडीचा एक प्रकार) काळ्या सावल्यांमागं जी काजळी ओढल्यासारखी दिसते ती दुपारी बरीच कमी होते.

पहिल्यांदा टेस्टयूएफओ या वेबसाइटवरची धावती तबकडी लावा आणि तिच्यामागं डोळा फिरवा. नुसतं मधोमध टक लावून बसलात तर दोन्ही सारखेच दिसतील, डोळा तबकडीबरोबर गेला पाहिजे. ६० हर्ट्झच्या एलसीडीवर आतल्या परग्रहवाल्याचे डोळे मोजता येत नाहीत, २४० वर ते दिसतात, ट्यूबवर थांबलेल्या चित्रासारखे दिसतात. तिथंच सरकत्या नकाशाची परीक्षा आहे, रस्त्यांची नावं वाचायची. मी पोरांना हीच देतो, कारण त्यात मतमतांतराला जागा नाही. नाव वाचता आलं किंवा नाही, एवढंच.

मग गेम. काउंटर-स्ट्राइकच्या डस्ट टू नकाशातल्या दारात उभं राहून माऊस एका लयीत डावीकडून उजवीकडे फिरवा आणि भिंतीवरची खूण डोळ्यानं धरून ठेवा. एलसीडीवर ओव्हरड्राइव्हच्या (पिक्सेल लवकर बदलायला लावणारं सेटिंग) तिन्ही पायऱ्या पाहा. सगळ्यात वरच्या पायरीवर वस्तूच्या मागं उजळ उलटी सावली निघते, ती फराट्यापेक्षा जास्त त्रास देते. बहुतेक मॉनिटरवर मधली पायरीच बरी.

लॅग म्हणजे चित्र यायला होणारा उशीर. तो मोजायला विंडोज आणि पी दाबून दोन्हीकडे एकच चित्र आणा, मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालवा आणि मोबाइलनं दोन्ही पडदे एका फोटोत घ्या. आकडे दोन्ही पडद्यांवर सारख्याच उंचीवर असू द्या, कारण दोन्ही वरून खाली रंगतात. ट्यूबमधून फ्रेम साठवल्याशिवाय थेट जाते, म्हणून तिच्या आकड्यातून एलसीडीचा वजा केला की त्याचा उशीर निघतो. एका फोटोवर विसंबू नका, बरेच घ्या आणि सरासरी काढा. फोटोत ट्यूबवर काळा पट्टा दिसेल, तो शटरमुळं. आणि या परीक्षेत दोन्ही मॉनिटर एकाच, बहुधा ६० हर्ट्झवर अडकतात, त्यामुळं एलसीडीचं उत्तम रूप इथं दिसत नाही. तरीही जुना ऑफिसचा एलसीडी आणि आजचा गेमिंगवाला यांतला फरक डोळ्यात भरतो. माझ्या मते लॅग हे आज ट्यूब घेण्याचं कारण राहिलेलं नाही. चांगले गेमिंग एलसीडी त्या बाबतीत इतके पुढे आलेत, की खरी लढत आता फक्त फराट्याची आहे.

शेवटी अंधाराची परीक्षा. रात्री दिवे घालवून २००४ चा डूम थ्री उघडा. आयपीएस (एलसीडीचा दुसरा प्रकार) पॅनेलचा काळा म्हणजे साधारण १०००:१, पांढरा काळ्याच्या हजारपट उजळ, तो अंधाऱ्या खोलीत करडा दिसतो. व्हीए ३०००:१ किंवा त्याहून वर जातो. चांगली ट्यूब नीट लावलेली असेल तर काळ्या जागी उजेडच नसतो. हीच परीक्षा दुपारी खिडकी उघडी ठेवून घ्या म्हणजे उलटं चित्र दिसेल: ट्यूबची काच खोलीचा उजेड परत फेकते, तिचा स्वतःचा प्रकाश १०० निट्सच्या (उजेडाचं माप) आसपास, तर एलसीडी ३००-४०० सहज देतो. कुणी एकच वेळ पाहून निकाल दिला तर तो मानू नका.

एलसीडी घेताना

ट्यूबशी बरोबरी करायची तर दोनच वाटा आहेत. एक, हर्ट्झ वाढवा. २००९ मध्ये १२० हर्ट्झचे पहिले मॉनिटर आले, आज २४० आवाक्यात आहे आणि ५४० च्याही वरचे निघालेत. पण तेवढे एफपीएस कार्डानं दिले पाहिजेत, नाहीतर पैसे पाण्यात. दुसरी वाट म्हणजे मागचा दिवा प्रत्येक फ्रेमला क्षणभर लावून विझवणं. एनव्हिडिया त्याला यूएलएमबी म्हणते, बेनक्यू डायअॅक. ही ट्यूबचीच युक्ती एलसीडीत आणलेली आहे, आणि नीट जमली तर १२० हर्ट्झचा एलसीडी ट्यूबच्या अगदी जवळ जातो. उजेड मात्र कमी होतो, आणि बहुतेक मॉनिटरवर फ्रीसिंक किंवा जी-सिंक (गेमच्या एफपीएसप्रमाणं मॉनिटरचे हर्ट्झ बदलणारी सोय) सोडून द्यावं लागतं. एफपीएस एका आकड्यावर ठाम राहत असतील तर हा सौदा फायद्याचा. नवे भारी गेम जिथं एफपीएस वरखाली होतात तिथं फ्रीसिंक लावा आणि फराटा थोडा सहन करा.

घरी आणल्यावर सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झ पाहा. १४४ चा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर वापरणारे माझ्याकडे येत राहतात. केबल डिस्प्लेपोर्टची घ्या.

ऊन, धूळ आणि लाइट

एकवीस इंची ट्यूब १३० वॉटच्या आसपास खाते, चोवीस इंची एलसीडी ३० च्या आसपास. रोज चार तास खेळलात तर महिन्याला १२ युनिट जास्त. बिलाची एक वेळ हरकत नाही, पण मे महिन्यात बाहेर ४५ असताना खोलीत आणखी १०० वॉटची शेगडी नको होते. मग कूलरची हवा मॉनिटरवर घेतली जाते, आणि ते सगळ्यात वाईट. कूलरची ओली हवा आणि आत बसलेली धूळ मिळून हाय व्होल्टेजला वाट मोकळी करून देतात, टोपीपाशी 'सूंऽऽ' असा आवाज सुरू होतो. कूलर लावा, पण झोत माणसावर असू द्या. वरच्या जाळीवर रुमाल, वही, गणपती काहीही ठेवू नका. पावसाळ्यात बरेच दिवस बंद असेल तर चालू करण्याआधी खोली कोरडी होऊ द्या. इन्व्हर्टरवर ट्यूब चालवू नका, लाइट गेली की तिला आराम.

मग घ्यायचं काय

रोज खेळणारा, एकच मॉनिटर घेणारा, हॉस्टेलवर किंवा भाड्याच्या खोलीत राहणारा असेल तर माझं उत्तर सरळ आहे: २४० हर्ट्झचा, दिवा चमकवण्याची सोय असलेला एलसीडी. त्याच्यावर अभ्यासही होतो, खोली तापत नाही, आणि बिघडला तर बदलून मिळतो. ज्याच्या घरी चांगली ट्यूब आधीच जिवंत आहे, त्यानं ती विकू नये. ९६ ते २००५ च्या काळातले गेम ज्या पडद्यासाठी बनले तो हाच, आणि त्यातली हालचाल अजून कुठल्याही एलसीडीवर मला इतकी स्वच्छ दिसलेली नाही. दोन्हीसाठी जागा असेल तर दोन्ही ठेवा. माझ्या दुकानात तेच आहे.

एक राहिलं. लहानपणीचा टीव्हीला लावायचा बंदुकीचा व्हिडिओ गेम कॉम्प्युटरच्या ट्यूबवर चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. चालत नाही. तो १५ किलोहर्ट्झचा सिग्नल देतो आणि कॉम्प्युटर मॉनिटर ३० पासून सुरू होतात. त्याला जुना ट्यूब टीव्हीच लागतो, आणि एलसीडीवर तर ती बंदूक नेम धरतच नाही, कारण ती ट्यूबचा क्षणाचा उजेड वेळेवर टिपून चालते.

ठेवलेली ट्यूब महिन्यातून एकदा तासभर चालवा, माळ्यावर उभीच ठेवा आणि वर ताडपत्रीऐवजी सुती चादर घाला. आणि ट्यूब संपलीच तर ती रद्दीत देऊ नका. काचेत शिसं असतं, आणि योकचं (मानेभोवतीच्या गुंडाळीचं) तांबं काढायला लोक हातोडीनं मान फोडतात, तेव्हा काचा आत खेचल्या जाऊन चहूकडे उडू शकतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच ती जायला हवी. देण्याआधी नोंदणीचा कागद दाखवायला सांगा.